मोठ्या रकमेची फॅन्टसी फुटबॉल स्पर्धा: येत्या मोसमाची आखणी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगवर आधारलेला फॅन्टसी फुटबॉल, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ, मित्रांच्या लीगमध्ये काही वर्षं खेळून झाला, की मोठ्या प्रवेश शुल्काच्या राष्ट्रीय स्पर्धा खुणावू लागतात. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. खेळाडूंची क्रमवारी इथे सापडणार नाही. ती दर आठवड्याला बदलते आणि कुठेही मिळते. इथे आहे ती क्रमवारी हातात घेण्याआधीची तयारी. माझ्या मते या स्पर्धांमधला बराचसा पैसा तिथेच जिंकला किंवा गमावला जातो.

मित्रांच्या लीगपेक्षा ही स्पर्धा नेमकी वेगळी कशी?

१९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर बसून या खेळाचे नियम बांधले. पुढच्या वर्षी पहिला ड्राफ्ट (खेळाडू निवडण्याची बैठक) झाला तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. मोठ्या स्पर्धेतली तुमची लीग दिसायला तशीच असते: साधारण १२ संघ, आळीपाळीने निवड, दर आठवड्याला लाइनअप (त्या आठवड्यात ज्यांचे गुण धरायचे त्या खेळाडूंची यादी). पण अशा कितीतरी लीग एकाच स्पर्धेत बांधलेल्या असतात आणि लीगच्या बक्षिसाखेरीज सगळ्या लीग मिळून एक फार मोठं बक्षीस असतं.

दुसरा मोठा फरक म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. संगनमत टाळण्यासाठी या स्पर्धांमध्ये ट्रेड सहसा बंदच असतात. मित्रांच्या लीगमध्ये ड्राफ्टमधली चूक ऑक्टोबरात गोड बोलून दुरुस्त करता येते, इथे ती वाट नाही. ड्राफ्ट आणि वेव्हरची (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंसाठीची) बोली, एवढीच दोन दारं उघडी.

तयारी कधीपासून सुरू करावी?

मार्चपासून, पण हलक्या हाताने. मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंना नवा संघ निवडण्याची मुभा) सुरू होते, एप्रिलअखेर एनएफएलचा स्वतःचा, नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, मेमध्ये वेळापत्रक येतं, जुलैअखेर सराव शिबिरं उघडतात, ऑगस्टअखेर ५३ खेळाडूंचे संघ ठरतात आणि लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) आठवड्यात मोसम सुरू होतो. मार्च ते मे या काळात फक्त एकच नोंद ठेवा: कोण कुठे गेला आणि त्याच्या जागी कोण उरला. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सॅक्वॉन बार्कली २०२४ च्या मार्चमध्ये जायंट्स सोडून ईगल्सकडे गेला. खेळाडू तोच होता. बदलली ती त्याच्यापुढची ऑफेन्सिव्ह लाइन (वाट मोकळी करणारी फळी) आणि आजूबाजूचा संघ. त्या मोसमात त्याने २,००५ यार्ड धाव घेतली. अशी बातमी येते त्या दिवशी तिचा अर्थ वहीत लिहून ठेवला, तर ऑगस्टच्या गदारोळात तो हरवत नाही.

नियमावलीत काय पाहायचं? सगळ्या स्पर्धांचे नियम सारखेच नसतात का?

नसतात, आणि मला सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर घालवायचा आहे. खेळाडूची स्वतःची अशी किंमत नसते, ती नियमांतून येते.

टाइट एंडचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणं आणि पास झेलणं दोन्ही करणाऱ्या खेळाडूचं उदाहरण घ्या. फॅन्टसी फुटबॉल प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये इतरांना प्रत्येक झेलाला १ गुण, तर टाइट एंडला १.५ गुण मिळतात. ब्रॉक बाउअर्सने २०२४ मध्ये पहिल्याच मोसमात ११२ झेल घेतले, म्हणजे या नियमाने त्याला ५६ गुण जास्तीचे. हे वाचून लोक टाइट एंडला थेट पहिल्या फेरीत उचलतात. पण थांबून पुढचं गणित करा. ज्याला तुम्ही बाराव्या फेरीत घेऊ शकला असता अशा ५० झेलांच्या टाइट एंडलाही २५ गुण जास्तीचे मिळणारच. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढलं ते ३१ गुणांनी, ५६ ने नाही. ३१ गुण कमी नाहीत, पण निर्णय ३१ वर घ्यायचा.

क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा. त्याच्या पासिंग टचडाउनला (पासवर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे पोचण्याला) ४ गुण आहेत की ६, हेही असंच. २०२४ मध्ये जो बरोने ४३ पासिंग टचडाउन केले. जेलन हर्ट्सने पासवर १८ केले आणि १४ स्वतः धावून. ४ चे ६ गुण झाले की बरोला ८६ गुण वाढतात आणि हर्ट्सला ३६. एका ओळीच्या नियमाने दोघांमध्ये ५० गुणांचा फरक पडतो. धावणारा क्वार्टरबॅक ४ गुणांच्या स्पर्धेत सोनं असतो, ६ गुणांच्या स्पर्धेत त्याची चमक बरीच उतरते.

मग लाइनअपमधल्या जागा. काही स्पर्धांमध्ये तीन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) आणि एक फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कुणीही चालणारी जागा), काहींमध्ये दोन रिसीव्हर आणि दोन फ्लेक्स. १२ संघांच्या लीगमध्ये तीन रिसीव्हर सक्तीचे असले, तर फ्लेक्स न धरताही दर आठवड्याला ३६ रिसीव्हर मैदानात हवेतच. तिथे चाळिसावा रिसीव्हरही कामाचा. दोनच सक्तीचे असतील तर तुम्ही रनिंग बॅककडे झुकू शकता.

याशिवाय हे पाहून ठेवा: बेंच (राखीव खेळाडूंच्या जागा) किती मोठा आहे, जखमी खेळाडूंसाठी वेगळी जागा आहे का, बोली कोणत्या वारी आणि किती वाजता बंद होते, गुण समान झाल्यास काय, लीगचा प्लेऑफ (शेवटची बाद फेरी) कोणत्या आठवड्यात. नियमावली मी छापून घेतो आणि पेन घेऊन वाचतो. गेल्या वर्षीची तीच स्पर्धा असली तरी पुन्हा वाचतो, कारण एखादा नियम गुपचूप बदललेला असतो.

लक्ष्य कोणतं ठेवावं, आपली लीग की सगळ्यात मोठं बक्षीस?

ड्राफ्टच्या आधी ठरवा, कारण दोन्हींचे संघ वेगळे दिसतात. ११ जणांना हरवायला भक्कम, कमी चढउताराचा संघ पुरतो. शेकडो संघांच्या वर जायचं असेल, तर दोन-तीन गोष्टी एकाच वेळी प्रचंड चांगल्या घडाव्या लागतात. म्हणून तिथे क्वार्टरबॅक आणि त्याचाच रिसीव्हर अशी जोडी बांधतात. २०२४ मध्ये बरोच्या ४३ पासिंग टचडाउनच्या हंगामात जामार चेसने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन केले. ज्यांच्याकडे दोघेही होते, त्यांना एकाच पासचे गुण दोनदा मिळत होते. जोडी चालली नाही तर मात्र दोन जागा एकदम पडतात.

पहिल्यांदाच उतरत असाल तर लीगकडे लक्ष द्या. जोडी बांधा, पण तिच्यासाठी एका फेरीपेक्षा जास्त किंमत मोजू नका.

प्रवेश शुल्क किती असावं?

जे पैसे पूर्ण गेले तरी घरातलं एकही बिल अडणार नाही, तेवढंच. हे सगळेच सांगतात. मी त्याला थोडं गणित जोडतो.

समजा शुल्क २,००० डॉलर आहे. १२ संघांचे २४,००० जमले आणि त्यातले २०,४०० बक्षिसांत वाटले गेले, तर आयोजकाचा वाटा १५ टक्के. म्हणजे सरासरी खेळाडू दर २,००० डॉलरमागे ३०० डॉलर गमावतो. तुम्हाला नुसतं पैसे परत मिळवायलाही सरासरीपेक्षा चांगलं खेळावं लागतं, आणि समोर बसलेलेही तयारीचेच असतात.

आता नशिबाचा भाग. सरासरी खेळाडूला लीग जिंकण्याची शक्यता बारात एक. दहा लीग खेळून एकही न जिंकण्याची शक्यता त्याला सुमारे ४२ टक्के असते. तुम्ही खरोखर निष्णात आहात आणि तुमची शक्यता १५ टक्के आहे असं धरलं, तरी दहापैकी एकही लीग न जिंकण्याची शक्यता जवळपास २० टक्के उरते. पाच निष्णात खेळाडूंपैकी एकाच्या वाट्याला अशी कोरडी रांग येऊ शकते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

म्हणून पूर्ण मोसमाची रक्कम आधी वेगळी काढा आणि तिचे तुकडे करा. एका महागड्या संघापेक्षा तीन-चार लहान संघ बरे, कारण एका दुखापतीवर सगळा मोसम टांगून राहत नाही. मात्र आठवड्याला जितके संघ नीट सांभाळता येतील त्याहून एकही जास्त नको. आणि नोव्हेंबरात हरलेले पैसे भरून काढायला नवीन स्पर्धेत शिरायचं नाही, हे ऑगस्टमध्येच घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. ते सांगितलेलं असलं की पाळलं जातं.

आयोजक भरवशाचा आहे हे कसं ओळखायचं?

मोठ्या रकमेच्या स्पर्धांच्या इतिहासात बक्षिसं न देता बुडालेले आयोजक होऊन गेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आगाऊ अजिबात नाही. तीन गोष्टी विचारा. बक्षिसांची रक्कम वेगळ्या, संरक्षित खात्यात ठेवली जाते का? बक्षीस किती संघ भरले यावर अवलंबून आहे की आधीच जाहीर आणि पक्कं आहे? मागच्या विजेत्यांना पैसे किती दिवसांत मिळाले? नॅशनल फॅन्टसी फुटबॉल चॅम्पियनशिप २००४ पासून चालू आहे. अशी जुनी सलग परंपरा हाही एक पुरावाच. उत्तर गोलमोल आलं, की शुल्क कितीही आकर्षक असलं तरी पुढे जा. एका जुन्या, आता बंद झालेल्या स्पर्धेत मी हे विचारलं नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाचे पैसे आठ महिन्यांनी आणि अर्धेच मिळाले. उरलेले आजतागायत आलेले नाहीत.

हे कायदेशीर आहे का? कराचं काय?

अमेरिकेच्या २००६ च्या इंटरनेट जुगारविषयक कायद्याने फॅन्टसी खेळांना अटींवर वगळलं आहे: बक्षीस आधीच ठरलेलं असावं, निकाल कौशल्य दाखवणारा आणि अनेक खेळाडूंच्या आकडेवारीवर आधारलेला असावा, एकाच संघाच्या किंवा एकाच खेळाडूच्या कामगिरीवर नसावा. पण त्याखाली प्रत्येक राज्याचे आपापले नियम आहेत आणि वॉशिंग्टन राज्यात पैसे लावून खेळणं चालत नाही. नाव नोंदवण्याआधी आपल्या राज्याची स्थिती पाहा. भारतातून हे करायचा विचार असेल तर तो सोडा. २०२५ च्या कायद्याने तिथे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत.

जिंकलेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, आयोजकाकडून फॉर्म आला नाही तरीही. भरलेल्या प्रत्येक शुल्काची पावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

ड्राफ्टमध्ये कितवा क्रमांक मागावा?

काही स्पर्धांमध्ये क्रमांक थेट चिठ्ठीने येत नाही. तुम्ही आधी १ ते १२ अशी आपली पसंती भरता, नंतर चिठ्ठी निघते आणि ज्याचं नाव आधी निघेल त्याला उरलेल्यातला आवडीचा क्रमांक मिळतो. कित्येक जण ही यादी भरतच नाहीत. फुकट मिळणारी गोष्ट सोडू नका.

यादी भरताना तिसरी फेरी उलटी आहे का ते बघा. साध्या स्नेक पद्धतीत (प्रत्येक फेरीत निवडीचा क्रम उलटतो) पहिल्या क्रमांकाला १, २४, २५ आणि ४८ या निवडी मिळतात. तिसरी फेरी उलटवली, म्हणजे तीही दुसरीसारखीच बाराव्यापासून सुरू केली, की त्यालाच १, २४, ३६ आणि ३७ मिळतात, आणि बाराव्याला १२, १३, २५ आणि ४८. पहिला क्रमांक २५ वरून ३६ वर घसरतो. एखादा खेळाडू इतरांपेक्षा स्पष्ट वरचढ दिसत असेल तरच मग पहिला क्रमांक मागायचा. पहिले सात-आठ जण जवळपास सारखे वाटत असतील, तर मी मागचे क्रमांक वर टाकतो.

आधी रनिंग बॅक की आधी रिसीव्हर?

रनिंग बॅक जास्त मोडतात, आणि मोडले की त्यांच्या जागी आलेला माणूस बऱ्याचदा वेव्हरवर पडलेला असतो. २०२४ मध्ये असंख्य ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला क्रिश्चन मॅकॅफ्री चारच सामने खेळला. उलट २०२३ मध्ये रॅम्सचा कायरन विल्यम्स बहुतेकांच्या यादीत नव्हता आणि त्याने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड धाव घेतली. यावरून काही जण पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत एकही रनिंग बॅक घेत नाहीत. मला मधला रस्ता पटतो: सुरुवातीला एक खात्रीचा रनिंग बॅक, मग सलग रिसीव्हर, आणि शेवटच्या फेऱ्यांत असे बॅक, की पुढचा माणूस जखमी झाला तर सगळं काम त्यांच्याकडेच येईल. दोघांत काम वाटून घेणारा आठ गुणांचा बॅक बेंचवर बसवून मोठी स्पर्धा जिंकता येत नाही.

किकर (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणारा) आणि डिफेन्स (एका संघाची अख्खी बचावफळी) कधी घ्यावेत?

शेवटच्या दोन फेऱ्या. डिफेन्स घेताना फक्त पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे प्रतिस्पर्धी पाहा.

बाय वीक बघून निवड करावी का?

क्वार्टरबॅक आणि टाइट एंडपुरती. बाकीच्यांसाठी नाही. १७ सामने १८ आठवड्यांत बसवलेले असतात, प्रत्येक संघाची एकच सुट्टी असते आणि तोवर तुमचा निम्मा संघ बदललेला असतो.

ड्राफ्ट लवकर करावा की मोसमाच्या तोंडावर?

लवकर केलात तर बातमी फुटण्याआधीची किंमत मिळते, पण ऑगस्टमधली प्रत्येक दुखापत तुमच्या अंगावर. उशिरा केलात तर धोका कमी, पण सगळ्यांकडे तीच माहिती. दोन-तीन संघ घेणार असाल तर एक लवकर आणि बाकीचे ५३ जणांचे संघ जाहीर झाल्यावर. उशिराचा ड्राफ्टही कवच नव्हे, हे ११ सप्टेंबर २०२३ ला सगळ्यांनी पाहिलं: जेट्सकडून पहिलाच सामना खेळणारा क्वार्टरबॅक आरॉन रॉजर्स चौथ्या स्नॅपला (चेंडू खेळात येण्याच्या चौथ्या वेळेला) पायाची शीर तुटून मोसमाबाहेर गेला, आणि त्याच्या रिसीव्हरांची गणितं त्याच रात्री कोसळली.

बोलीचे १,००० डॉलर कसे वापरावेत?

हे खरे पैसे नसतात. मोसमभर वेव्हरवरचे खेळाडू घ्यायला बंद बोलीसाठी दिलेलं ते बजेट असतं, आणि ते पुन्हा भरत नाही. मोसम उभा राहतो किंवा पडतो तो बऱ्याचदा इथे.

बहुतेक जण हे पैसे जपून ठेवतात आणि डिसेंबरात त्यांचं काय करायचं हे कळत नाही. पहिल्या आठवड्यानंतर घेतलेला खेळाडू तुम्हाला सोळा आठवडे वापरता येतो, दहाव्या आठवड्यानंतरचा सातच. २०२३ मध्ये पाचव्या फेरीतून रॅम्समध्ये आलेल्या पुका नाकुआने पहिल्याच सामन्यात १० झेल आणि ११९ यार्ड काढले. मोसमाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड. पहिल्या सामन्यानंतर पुष्कळांचं म्हणणं होतं, रॅम्सचा जखमी रिसीव्हर कूपर कप परत आला की याचं काम संपेल.

मग खरा कोण आणि एका दिवसाचा पाहुणा कोण, हे कसं कळायचं? गुणांकडे पाहू नका, कामाकडे पाहा. किती स्नॅप मैदानात होता, त्याच्याकडे किती पास फेकले, किती वेळा चेंडू हाती दिला. दोन पासवर दोन टचडाउन करणाऱ्यापेक्षा पंधरा पास मिळून टचडाउन न केलेला माणूस मला हवा. असा दिसला तर सुरुवातीच्या तीन आठवड्यांत बजेटचा निम्मा भाग एका बोलीत घालायला कचरू नका.

बोलीचा आकडा गोल ठेवू नका. ३०० लिहिणारे खूप असतात, म्हणून ३११ लिहा. पहिली बोली हुकली तर दुसरी, दुसरी हुकली तर तिसरी अशी साखळी भरा. शेवटच्या आठवड्यांसाठी ५०-६० डॉलर ठेवा. डिफेन्स आणि किकर बदलायला तेवढे पुरतात.

दर आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो?

एका संघाला तीन-चार तास, पण योग्य वेळी. बुधवार ते शुक्रवार दुखापतींचे अहवाल येतात आणि सामन्याआधी ९० मिनिटं न खेळणाऱ्यांची यादी जाहीर होते. ती वेळ फोन हातात घेऊन बसायचीच. लंडनमधले सामने पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला सुरू होतात, त्या रविवारी गजर लवकरचा लावा. गुरुवारी खेळणाऱ्याला कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नका. त्याला त्याच्या मूळ जागी ठेवलंत, तर रविवारी कुणी ऐनवेळी बसला तरी फ्लेक्स मोकळी राहते.

भागीदार घ्यावा का?

शुल्क वाटलं जातं आणि प्रवासात असताना लाइनअप सांभाळायला कुणीतरी असतं, म्हणून घ्यावा. पण मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आणि पैशांची वाटणी लेखी ठेवा.

पहिले तीन सामने हरलो तर?

आधी एकूण गुण पाहा. बऱ्याच स्पर्धांमध्ये प्लेऑफची एखादी जागा विजयांवर नाही, एकूण गुणांवर मिळते. गुणांत तिसरे-चौथे असाल, तर समोरच्यांचा दिवस चांगला होता एवढंच. संघाला हात लावू नका. गुणही कमी असतील, तर बोलीचं बजेट आताच वापरा.

शेवटच्या आठवड्यांसाठी आतापासून काय करता येईल?

मोठ्या बक्षिसाचा निकाल बहुतेकदा १५ ते १७ या आठवड्यांत लागतो. अठराव्या आठवड्यात प्लेऑफ गाठलेले संघ मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात, म्हणून तो टाळतात. तेव्हा ड्राफ्टच्या वेळी दोन खेळाडू अगदी सारखे वाटले, तर सतराव्या आठवड्यात कोण कुणाशी खेळतो ते पाहा. तुमचा क्वार्टरबॅक ज्या संघाविरुद्ध खेळणार आहे, त्या संघाचा रिसीव्हर घेतलात तर धावफलक पेटलेल्या सामन्यात दोन्हीकडून गुण येतात.

आणि सामना पूर्णच झाला नाही तर काय, हे नियमावलीत शोधून ठेवा. २ जानेवारी २०२३ ला सतराव्या आठवड्याच्या सोमवारी बिल्स आणि बेंगल्सचा सामना बिल्सचा खेळाडू डमार हॅमलिन मैदानावर कोसळल्यामुळे पहिल्याच क्वार्टरमध्ये थांबला आणि नंतर रद्द झाला. हॅमलिन वाचला, त्या रात्री महत्त्वाचं तेवढंच होतं. पण कित्येक स्पर्धांचे अंतिम निकाल त्या सामन्यावर अडले होते. उत्तर नियमावलीत सापडलं नाही, तर ड्राफ्टच्या आधी आयोजकाला लिहून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.